साखर काढल्यावर ब्राउनीत उरतं काय?

बिनसाखरेच्या, कमी कर्बोदकांच्या ब्राउनीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. मापं शक्य तिथे ग्रॅममध्येच दिली आहेत, कारण बदामाचं पीठ वाटीत दाबून भरलं की सैल भरलं यावर वजन बरंच बदलतं. जिथे चमचे आहेत तिथे ते सपाट: लहान ५ मिलि, मोठा १५ मिलि.

प्रश्न : नेहमीच्या कृतीत साखरेऐवजी तेवढंच एरिथ्रिटॉल आणि मैद्याऐवजी तेवढंच बदामाचं पीठ घातलं. कडेने लोणी सुटलं, मधला भाग भुसभुशीत झाला आणि दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच लागली. नेमकं काय चुकलं?

‘तेवढ्याला तेवढं’ हेच चुकलं. तक्रारी तीन असल्या तरी कारणं दोनच आहेत.

आधी मैदा. मैद्यातला स्टार्च भट्टीत फुगतो आणि पाणी नि स्निग्धांश धरून ठेवतो. बदामाच्या पिठात स्टार्च जवळपास नसतोच, उलट वजनाच्या निम्मा भाग तेल असतं. म्हणजे धरून ठेवणारा घटक गेला आणि वर तेलाची भर पडली. लोणी मात्र जुन्या कृतीइतकंच राहिलं. ते कडेने वाहणारच. बदामाचं पीठ वापरायचं तर लोणी साधारण पाव हिश्शाने कमी करा आणि बांधणी अंड्यांवर सोपवा.

आता साखर. ब्राउनीतली साखर फक्त गोडीसाठी असते असं धरून चालल्यामुळेच बहुतेक बिनसाखरेच्या कृती फसतात. ती विरघळून पाकासारखी होते आणि ओलावा धरते. अंड्यातली प्रथिनं लवकर घट्ट होऊ देत नाही. वरचा पातळ, तडकलेला, चकचकीत पापुद्राही तिचाच. एरिथ्रिटॉल यातलं फारसं काही करत नाही, कारण ते पुरेसं विरघळतच नाही. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते, एरिथ्रिटॉल जेमतेम ६० ग्रॅम. भट्टीच्या उष्णतेत जे विरघळलं, ते गार होताना पुन्हा खड्यांच्या रूपात बाहेर येतं. तुमची कचकच ती हीच, आणि म्हणून ती पहिल्या दिवशी जाणवली नाही.

उपाय म्हणजे एकाच स्वीटनरवर सगळा भार न टाकणं. एरिथ्रिटॉलबरोबर विरघळून राहणारं दुसरं काहीतरी हवं. अ‍ॅल्युलोज त्यात सर्वांत चांगलं. झायलिटॉलही चालतं, पण घरात कुत्रा असेल तर ते आणूच नका. कुत्र्यांसाठी झायलिटॉल थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरतं, आणि ब्राउनीचा तुकडा टेबलावरून खाली पडायला वेळ लागत नाही.

प्रश्न : सगळं मोजमाप असलेली एकच खात्रीची कृती द्याल का? पातळ, केकसारखी नको. दाट, चिकटसर हवी.

२० सेंमी चौरस, धातूच्या ट्रेसाठी, १६ तुकडे:

बिनमिठाचं लोणी ९० ग्रॅम, ९० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, मध्यम आकाराची अंडी ३ (कवचाशिवाय सुमारे १५० ग्रॅम), एरिथ्रिटॉल १०० ग्रॅम, अ‍ॅल्युलोज ५० ग्रॅम, सोललेल्या बदामांचं बारीक पीठ ८० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ३० ग्रॅम, झँथन गम (मिश्रण बांधून ठेवणारी पूड) पाव लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा. इन्स्टंट कॉफी अर्धा लहान चमचा घातली तर कोकोची चव उठून येते. कॉफीची चव वेगळी लागत नाही.

अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. ही पायरी गाळू नका. थंड अंडी कोमट चॉकलेटमध्ये गेली की लोणी गोठतं, मिश्रण फाटतं आणि ते फाटलेलं लोणी भट्टीत वेगळं होऊन तळाशी बसतं.

एरिथ्रिटॉल मिक्सरच्या अगदी कोरड्या भांड्यात दळून पिठीसाखरेसारखं करा. झाकण लगेच उघडू नका, दोन मिनिटं थांबा. उडणारी पूड नाकात गेली तर चांगलीच झोंबते.

ओव्हन १६५ अंश सेल्सिअसला तापत ठेवा, पंख्याचा असेल तर १५०. ट्रेला बटर पेपर असा लावा की दोन बाजूंनी तो बाहेर लोंबेल; नंतर त्यालाच धरून अख्खी ब्राउनी उचलायची आहे. लोणी आणि चॉकलेट उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात वितळवा. तळ पाण्याला टेकू देऊ नका. वितळलं की उतरवून कोमट होऊ द्या. बोट बुडवल्यावर ऊब लागावी, चटका नाही.

दुसऱ्या भांड्यात अंडी, दोन्ही स्वीटनर, मीठ आणि व्हॅनिला हँड मिक्सरने तीन मिनिटं फेटा. रंग फिका होऊन मिश्रण सायीइतकं दाट झालं पाहिजे. अ‍ॅल्युलोज इथेच विरघळतं आणि वरचा पापुद्रा जेवढा मिळायचा तेवढा याच फेटण्यातून मिळतो. साखरेच्या ब्राउनीइतकी चकाकी येणार नाही, हे आधीच सांगतो. आता चॉकलेट बारीक धारेने ओतत फेटा. बदामाचं पीठ, कोको, झँथन गम एकत्र चाळून घाला आणि इथून पुढे मिक्सर बंद, फक्त स्पॅचुला. पीठ दिसेनासं झालं की थांबा.

ट्रेमध्ये थर दीड सेंमीच्या आसपास येईल. १८ ते २० मिनिटं भाजा, पण १६ व्या मिनिटाला बघायला सुरुवात करा. बाहेर काढल्यावर ट्रेमध्येच तासभर आणि मग फ्रिजमध्ये दोन तास. त्याआधी कापलीत तर वड्या पडणार नाहीत, चुरा पडेल. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा.

एरिथ्रिटॉल, अ‍ॅल्युलोज आणि तंतू रक्तातली साखर जवळपास वाढवत नाहीत; ते वजा केले तर एका तुकड्यात साधारण २ ग्रॅम कर्बोदकं येतात. उष्मांक मात्र १३० च्या घरात. वजनासाठी खाणाऱ्यांनी हा दुसरा आकडा विसरू नये: साखर गेली, लोणी आणि बदाम आहेतच. आणि काटेकोर बोलायचं तर ही ब्राउनी शंभर टक्के बिनसाखरेची नाही, ९० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे ७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीही नको असेल तर १०० टक्के कोकोचं चॉकलेट घ्या आणि अ‍ॅल्युलोज २० ग्रॅमने वाढवा.

प्रश्न : अ‍ॅल्युलोज आमच्याकडे मिळत नाही. मग स्टीव्हिया, सुक्रालोज की आणखी काही?

अ‍ॅल्युलोजच्या विक्रीला सगळ्या देशांत परवानगी नाही, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

झायलिटॉल घेतलंत तर ते साखरेइतकंच गोड असतं, म्हणून ५० ऐवजी ४० ग्रॅम पुरे. ओलावा चांगला धरतं. रक्तातली साखर थोडी वाढवतं, पण साखरेच्या मानाने फारच कमी.

दोन्ही नको असतील तर एरिथ्रिटॉल १३० ग्रॅम करा आणि उरलेली गोडी शुद्ध स्टीव्हिया किंवा माँक फ्रूट या फळाच्या गोड अर्कातून आणा, चिमटीने मोजून. शुद्ध स्टीव्हिया साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतं. चिमूट जास्त झाली की जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळतो आणि मग तो कशानेही झाकत नाही. अशी ब्राउनी थोडी कोरडी होणार. एक मोठा चमचा घट्ट साय किंवा क्रीम घातलं तर फरक पडतो.

सुक्रालोज आणि स्टीव्हियाच्या चमच्याने मोजायच्या, साखरेसारख्या दिसणाऱ्या पुड्या घेण्याआधी घटकांची यादी वाचा. त्यात बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेलं असतं, आणि ही दोन्ही रक्तातली साखर भराभर वाढवतात. शिवाय सुक्रालोज भट्टीत घालण्याबद्दल जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये सावध केलं होतं: १२० अंशांच्या वर तापवल्यास त्यातून हानिकारक क्लोरिनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात. ब्राउनीसाठी आम्ही ते सुचवत नाही. अ‍ॅस्पार्टेम तर उष्णतेने मोडतं, गोडीच जाते.

‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या चॉकलेट चिप्सही अशाच तपासा. त्यात माल्टिटॉल असेल तर त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वाढते याचं माप) ३५ च्या आसपास असतो. साखरेपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. त्यातून पोटात वायू धरतो तो वेगळाच.

प्रश्न : ब्राउनी खाताना पेपरमिंट खाल्ल्यासारखा गारवा लागतो. इसेन्समुळे असेल का?

इसेन्सचा संबंध नाही. एरिथ्रिटॉलचे कण तोंडात विरघळताना उष्णता शोषून घेतात, म्हणून गार लागतं. न विरघळलेले कण जितके जास्त, तितका गारवा जास्त. थंडगार ब्राउनीत तर हमखास. दळलेलं एरिथ्रिटॉल, त्याला अ‍ॅल्युलोजची जोड आणि खोलीच्या तापमानाला आणून खाणं, एवढ्यात तो बराच झाकला जातो.

प्रश्न : खजूर आणि मध घालून केलेली ब्राउनी ‘साखरविरहित’ म्हणून सगळीकडे दाखवतात. ती मधुमेही माणसाला चालेल ना?

साखरविरहित ती नावापुरतीच. खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग साखरच असतो, मधाचा सुमारे ८० टक्के. खजुरात तंतू आहेत हे खरं, पण २०० ग्रॅम खजूर घालून केलेल्या ट्रेमध्ये १३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. पांढरी साखर घातली नाही एवढाच त्याचा अर्थ. ओट्सच्या पिठाचंही तसंच: पौष्टिक म्हणा, पण १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या वर कर्बोदकं आहेत. आवडीने खा, फक्त कमी कर्बोदकांच्या यादीत धरू नका.

प्रश्न : टूथपिक कोरडी निघेपर्यंत भाजते, तरी ब्राउनी लाकडासारखी होते.

तरी नव्हे, म्हणूनच. टूथपिक कोरडी निघण्याची खूण केकची आहे. इथे साखर नसल्याने अंडं लवकर घट्ट होतं, आणि टूथपिक कोरडी होईपर्यंत ते आवळून पाणी बाहेर टाकू लागलेलं असतं.

त्याऐवजी कडेकडे बघा. बाहेरची दोनेक सेंमीची चौकट किंचित फुगलेली आणि निस्तेज दिसायला हवी, कागदापासून केसभर सुटलेली. मधला भाग अजून थोडा चमकत असेल आणि ट्रे हलवल्यावर विरजलेल्या दह्यासारखा एकसंध थरथरेल. लाटेसारखा हलला तर कच्चा आहे, दोन मिनिटं आणखी. टूथपिक कडेपासून तीन-चार सेंमी आत घाला. तिला ओलसर कण चिकटले पाहिजेत, पातळ मिश्रण नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ८५ अंश आले की काढा. बाहेरही ती काही वेळ आतल्या उष्णतेने शिजत राहते.

काचेचा ट्रे वापरत असाल तर तापमान दहा अंशांनी उतरवा. काच उशिरा तापते आणि काढल्यावर लवकर निवत नाही, त्यामुळे कडा करपतात. अ‍ॅल्युलोज जास्त घातलं असेल तरी रंग लवकर गडद होतो, तो करपलेला समजू नका.

प्रश्न : चॉकलेट आणि लोणी वितळवताना मिश्रण रवाळ, घट्ट गोळा झालं. फेकून द्यावं लागलं.

पुढच्या वेळी फेकू नका. भांड्यात किंवा चमच्यावर पाण्याचे थेंब राहिले की चॉकलेटमधले कोरडे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे यावर उपाय पाणीच आहे: गरम पाणी एकेक लहान चमचा घालून जोरात घोटा. दोन-तीन चमच्यांत मिश्रण पुन्हा गुळगुळीत होतं, आणि एवढ्या पाण्याने ब्राउनीचं काही बिघडत नाही.

प्रश्न : अंडं चालत नाही. जवसाची पूड वापरली तर?

चालेल, पण अपेक्षा कमी ठेवा. मैद्याच्या ब्राउनीत अंडं काढलं तरी मैदा सांभाळून घेतो. इथे सगळी उभारणी अंड्यावर आहे. जवसाची पूड पाण्यात लुसलुशीत चिकट होते, कण बांधते, पण अंड्यासारखी शिजून घट्ट होत नाही.

तीन अंड्यांसाठी जवसाची बारीक पूड ३ मोठे चमचे, पाणी १३५ मिलि, पंधरा मिनिटं भिजवा. झँथन गम अर्धा लहान चमचा करा, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा घाला, लोणी ७५ ग्रॅमवर आणा. स्वीटनर जवसाच्या चिकात मिसळून दहा मिनिटं ठेवा. भाजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतील. नंतर रात्रभर फ्रिजमध्ये, मगच सुरी. तुकडे लहान कापा, मोठे मोडतात.

प्रश्न : मुलाला बदामाची अ‍ॅलर्जी आहे. नारळाचं पीठ तेवढंच घेऊ का?

तेवढंच घेतलंत तर भुसा होईल. नारळाचं पीठ पाणी प्रचंड शोषतं. ८० ग्रॅम बदामाच्या पिठाऐवजी ते फक्त २५ ग्रॅम, एक अंडं जास्त, आणि मिसळल्यावर दहा मिनिटं थांबून मग ट्रेमध्ये. पोत केकच्या बाजूला झुकतो.

सूर्यफुलाच्या बियांचं पीठ जास्त सोयीचं, कारण ते बदामाच्या पिठाइतक्याच वजनाने वापरता येतं. सोललेल्या बिया कोरड्या मिक्सरमध्ये थांबत थांबत दळा, सलग फिरवलंत तर तेल सुटून लगदा होतो. कोकोचा अर्धा भाग बियांबरोबरच घातला तर तो तेल टिपून घेतो. या पिठात खायचा सोडा घालू नका. बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी मिळून हिरवा रंग धरतं. अपाय काही नाही, कोकोत तो फारसा दिसतही नाही, पण फिकट बिस्किटं केलीत तर दचकाल. अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर चॉकलेटच्या वेष्टनावरची ‘बदामाचे अंश असू शकतात’ ही ओळही शोधा.

प्रश्न : मी इन्सुलिन घेते. अशा ब्राउनीसाठी डोस कसा धरायचा?

डोस डॉक्टरांनाच विचारा, पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. नेहमीच्या ब्राउनीच्या हिशेबाने इन्सुलिन घेतलंत आणि खाल्ली ही, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि साखर आधीच खाली गेली असेल तेव्हा ही ब्राउनी काही कामाची नाही. तेव्हा ग्लुकोज किंवा खरी साखरच हवी. घरातल्या इतरांनाही हे सांगून ठेवा, डब्यावर तशी चिठ्ठी लावा. दिसायला दोन्ही ब्राउनी सारख्याच.

प्रश्न : एरिथ्रिटॉल हृदयाला वाईट असं वाचलं. किती खाल्लं तर चालतं?

तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा २०२३ चा. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त होतं, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त आढळलं. पण एरिथ्रिटॉल शरीर स्वतःही तयार करतं, त्यामुळे ते कारण आहे की खूण, हे त्या निरीक्षणातून ठरत नाही. हृदयविकार असेल किंवा रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज खाऊ नका.

पोटाच्या तक्रारीपुरतं बोलायचं तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिवसाला शरीराच्या दर किलोमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा ठरवली. ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम. वरच्या कृतीतल्या एका तुकड्यात ६ ग्रॅमच्या जरा वर येतं. दोन तुकडे निर्धास्त खा. मुलांचं वजन कमी, म्हणून त्यांना एक, तोही अर्धा करून.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवल्यावर दगड होते, बाहेर ठेवल्यावर किती टिकेल?

बाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस. उकाडा असेल तर एकच. फ्रिजमध्ये आठवडाभर. लोणी आणि कोकोचं तूप थंडीत गोठतं म्हणून ती कडक लागते. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा किंवा मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद. एकेक तुकडा कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये दोन महिने छान राहतो.

प्रश्न : एकट्यापुरती, भट्टी न लावता?

मोठ्या मगमध्ये १५ ग्रॅम लोणी वितळवा. त्यात एक अंडं, बदामाचं पीठ २५ ग्रॅम, कोको ८ ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल १५ ग्रॅम, बेकिंग पावडर पाव लहान चमचा आणि मिठाची कणी घालून काट्याने घोटा. ८०० ते ९०० वॅटला ६० सेकंद, मग बघून दहा-दहा सेकंद. मधोमध रुपयाएवढा ओला ठिपका दिसत असतानाच बाहेर काढा आणि दोन मिनिटं थांबा. तो ठिपका मायक्रोवेव्हमध्येच सुकवायला गेलात तर रबर होतं. आणि ही लगेचच खायची, गार झाल्यावर तिच्यात राम नाही.